‘स्टॉप टू चेक’ : उद्यमबागेतल्या एका रात्रपाळीचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबाग भागातल्या एका मशीन शॉपमध्ये रात्रपाळीच्या ग्रुपवर सुपरवायझरचा मेसेज आला : ‘स्टॉप टू चेक बोअर आफ्टर १० नॉज.’ बोअर म्हणजे नगाच्या आतलं भोक, नॉज म्हणजे नग. ऑपरेटरनं खाली ‘ओके सर’ लिहिलं आणि तो कामाला लागला. सकाळी पहिल्या पाळीच्या माणसानं ट्रेमधला वरचा नग उचलून प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप बघायचा दांडा, लावला, तर त्याची ‘गो’ बाजू, जी बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवी, ती आत जाईना. खालचा नग घेतला, तोही तसाच. मग सगळे ट्रे बाजूला काढून एकेक नग तपासायची वेळ आली. सुरुवातीचे नग बरोबर होते, पुढं बोअर हळूहळू लहान होत गेला होता.

तांत्रिक कारण सरळ होतं. भोक आतून कापणाऱ्या बोअरिंग बारचा इन्सर्ट, म्हणजे टोकाचं बदलता येणारं पातं, झिजला की तो धातू कमी काढतो आणि बोअर मापापेक्षा लहान राहतो. म्हणूनच ठराविक नगांनंतर मशीन थांबवून गेज लावायचं, माप सरकलेलं दिसलं तर ऑफसेट द्यायचा, म्हणजे हत्याराची जागा तेवढी सरकवायची, गरज पडली तर इन्सर्ट बदलायचा. ऑपरेटरला हे सगळं येत होतं. आयटीआय झालेला, हात बसलेला मुलगा. तरी त्या रात्री त्यानं पहिल्या दहा नगांनंतर एकाही नगाला गेज लावला नाही. का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “दहा नग बघितलो सर, समदे ओके आले. मग मेसेजमध्ये होतं तसं बघायचं थांबवलो.”

लहान राहिलेला बोअर पुन्हा मशीनवर चढवून मोठा करता येतो, त्यामुळं बहुतेक माल वाचला. पण नग दुसऱ्यांदा धरताना मध्य सरकला की काम बिघडतं, तसे काही नग भंगारात गेले. माल एक दिवस उशिरा निघाला. मुलाला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं.

त्या शॉपमधल्या मुलांना मी कामापुरतं इंग्रजी शिकवतो, म्हणून मालकांनी हे माझ्याकडं आणलं. त्यांचं म्हणणं होतं की पोरांचं इंग्रजी कच्चं आहे, ते पक्कं करा. मला ते निदान पटलं नाही. त्या मुलाला मेसेजमधला प्रत्येक शब्द माहीत होता. स्टॉप, चेक, बोअर, आफ्टर हे शब्द तो दिवसभर बोलतो. अडलं ते एका क्रियापदाच्या वागण्यापाशी, आणि ते वागणं त्याला कुणी कधी दाखवलेलंच नव्हतं.

मेसेज कुठून कसा आला

आधी मी मेसेजचा माग काढला. ग्राहक कंपनी पुण्याची. तिथल्या क्वालिटी इंजिनिअरनं मेल पाठवला होता, त्यात ‘प्लीज स्टॉप टू चेक द बोअर आफ्टर एव्हरी १० पीसेस’ असं पूर्ण वाक्य होतं. दर दहा नगांनंतर मशीन थांबवा आणि बोअर तपासा. वाक्य व्याकरणानं बिनचूक आहे. आमच्या सुपरवायझरनं ते ग्रुपवर टाकताना छोटं केलं, आणि छोटं करताना ‘एव्हरी’ गळलं.

हा एक शब्द गेल्यानं दुसऱ्या अर्थाला वाट मिळाली. ‘एव्हरी’ असतं तर ‘दर दहा नगांनंतर तपासणं बंद करा’ हा अर्थ मुलाला स्वतःलाच विचित्र वाटला असता, कारण एकदा बंद केलेलं दर दहा नगांनी पुन्हा बंद कसं करणार? ‘एव्हरी’ नसल्यावर मात्र ‘दहा नग झाले की तपासणं बंद करा’ हा अर्थ चांगलाच जुळतो. शिवाय त्या आठवड्यात शॉपमध्ये चर्चा चालू होती की प्रत्येक नगाला गेज लावण्यात फार वेळ जातो, काहीतरी कमी करायला हवं. मुलाच्या डोक्यात ते होतं. आलेला मेसेज त्यानं त्या चर्चेचा निकाल म्हणून वाचला. त्याच्या जागी मी असतो आणि ‘टू’ कडं लक्ष नसतं, तर मीही तसंच वाचलं असतं असं मी मालकांना सांगितलं.

भाषांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पुण्याचा इंजिनिअर मराठी. मशीनवरचा मुलगा खानापूर तालुक्यातल्या गावचा, मराठी शाळेत शिकलेला. मधला सुपरवायझर बैलहोंगलकडचा, घरी कन्नड बोलणारा. मराठी त्याला कानानं सगळी कळते, बोलतोही. दोन मराठी माणसांमधला निरोप एका कन्नड माणसाच्या हातून इंग्रजीत गेला. आमच्या भागात यात काही नवल नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि आज इथल्या मराठी मुलाच्या दप्तरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही पुस्तकं असतात. हे ओझं आहे हे खरं, पण तीच त्याची पुंजीही आहे, आणि ती वर्गात वापरली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याबद्दल पुढं लिहितो.

‘टू’ आणि ‘इंग’

इंग्रजीत ‘स्टॉप’ च्या मागं दुसरं क्रियापद दोन रूपांत येतं. ‘स्टॉप चेकिंग’ म्हटलं की तपासणं हेच बंद करायचं. ‘स्टॉप टू चेक’ म्हटलं की हातातलं दुसरं काहीतरी थांबवायचं, कशासाठी, तर तपासण्यासाठी. पहिल्यात ‘चेकिंग’ हे स्टॉपचं कर्म आहे. दुसऱ्यात ‘टू चेक’ हा हेतू आहे, आणि काय थांबवायचं ते वाक्यात लिहिलेलंच नाही, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. आपल्या प्रकरणात जे न लिहिलेलं होतं ते म्हणजे मशीन.

पुस्तकांत हा धडा असतो. जेरंड, इन्फिनिटिव्ह अशी नावं देऊन चार वाक्यं दिलेली असतात. मुलं नावं पाठ करतात, परीक्षेत रिकामी जागा भरतात आणि विसरतात. मला राग आहे तो याचा, की हा फरक मराठीत जसाच्या तसा आहे आणि मुलांना तो लहानपणापासून येतो. ‘तपासायचं थांबव’ आणि ‘तपासायला थांब’ यांत गोंधळ करणारा मराठी माणूस मला आजवर भेटलेला नाही. ‘ती बोलायची थांबली’ म्हणजे गप्प झाली, ‘ती बोलायला थांबली’ म्हणजे वाटेत उभी राहिली आणि गप्पा सुरू झाल्या. ‘यचं’ असेल तिथं इंग्रजीत ‘इंग’, ‘यला’ असेल तिथं ‘टू’. एवढं सांगितलं की काम होतं.

कन्नडमध्ये तर फरक आणखी ठळक दिसतो. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ‘नोडोदु निल्लिसु’ म्हणजे बघणं थांबव, आणि ‘नोडाक निल्लु’ म्हणजे बघायला थांब. पहिल्यात ‘निल्लिसु’, म्हणजे दुसरं काहीतरी थांबवणं. दुसऱ्यात ‘निल्लु’, म्हणजे स्वतः थांबणं, उभं राहणं. क्रियापदच बदलतं. मी सुपरवायझरला त्याचा मेसेज कन्नडमध्ये सांगायला लावला, तर त्यानं क्षणभरही न अडखळता ‘नोडाक निल्लिसु’ असं म्हटलं, मशीन थांबव हे त्याच्या मनात पक्कं असल्यामुळं. ऑपरेटरला त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावला, तर तो म्हणाला, “तपासायला मशीन थांबवायचं.” दोघांना आपापल्या भाषेत एकच गोष्ट कळत होती. इंग्रजीत लिहिल्यावर ती हरवली.

एक सावधगिरी मात्र वर्गात लगेच सांगावी लागते, नाहीतर मुलं हे सूत्र सगळीकडं लावतात. ‘मला बोलायचं आहे’ यात ‘यचं’ आहे, तरी इंग्रजीत तिथं ‘टू’ येतो. ‘तो बोलायला लागला’ यात ‘यला’ आहे, तिथं ‘स्टार्ट’ नंतर ‘टू’ चालतो आणि ‘इंग’ ही चालतं, अर्थामध्ये फरक पडत नाही. म्हणजे हे सूत्र ‘स्टॉप’ पुरतं. रूप बदललं की अर्थ बदलणारी आणखी थोडी क्रियापदं आहेत, ‘रिमेंबर’ आणि ‘फरगेट’ ही त्यांतली नेहमी लागणारी. ‘रिमेंबर टू लॉक’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव, ‘रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवणं. पण ती वेगळ्या दिवशी घ्यावीत. एकाच तासाला सगळी घेतली की सगळीच सांडतात.

‘थांबणे’ हा एकच अर्थ पाठ केल्यानं

मुलांच्या वहीत ‘स्टॉप’ पुढं ‘थांबणे’ एवढंच लिहिलेलं असतं. या जोडीनं दोन्ही बाजूंनी नुकसान होतं.

मराठी ‘थांबणे’ फार मोकळं आहे. ‘जरा थांब, आलोच’ यात ते वाट पाहणं आहे. ‘आज रात्री इथंच थांब’ यात मुक्काम आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘वेट’ लागतं, दुसऱ्याला ‘स्टे’. आमची मुलं ग्राहकाशी फोनवर बोलताना ‘प्लीज स्टॉप टू मिनिट्स’ म्हणतात. मुलाच्या मनात आदर असतो, पलीकडच्याला मात्र ‘बोलणं बंद करा’ असं ऐकू येतं. हे मी स्वतः ऐकलं आहे आणि त्या मुलाला आपण काय बोललो ते कळलंही नव्हतं. ‘प्लीज वेट’ किंवा ‘वन मिनिट, प्लीज’ एवढं शिकवलं तर पुरतं.

उलट बाजूनं पाहिलं तर इंग्रजी ‘स्टॉप’ जिथं जिथं येतं, तिथं मराठी प्रत्येक वेळी नवा शब्द काढते. पाऊस स्टॉप होतो तेव्हा तो उघडतो, खानापूरकडं चार महिने कोसळणाऱ्या पावसात लोक उघडीप कधी मिळते म्हणून डोळे लावून बसतात. म्हशीनं दूध द्यायचं स्टॉप केलं की ती आटते. घड्याळ बंद पडतं. रडणारं मूल गप्प होतं. कुणाला जाण्यापासून स्टॉप केलं तर आपण त्याला अडवतो, आणि इंग्रजीत तिथं ‘फ्रॉम’ येतो : ‘स्टॉप हिम फ्रॉम स्टार्टिंग द मशीन’. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलं की रस्त्याकडेला ‘विनंती थांबा’ अशी पाटी दिसते, अलीकडच्या बाजूला कर्नाटकात तशाच थांब्याला ‘निलुगडे’ म्हणतात, आणि दोन्हीकडची माणसं बोलताना ‘स्टॉप’ म्हणतात.

या शब्दाचं मूळही या शॉपमध्ये सांगण्यासारखं आहे, आणि मी ते सांगतो. ‘स्टॉप’ चा जुना अर्थ थांबणं नव्हताच, बुजवणं हा होता. लॅटिनमध्ये ‘स्टुपा’ म्हणजे भोकात, फटीत कोंबायचा ताग किंवा चिंध्यांसारखा धागा. भोक बुजवलं की आतलं वाहायचं थांबतं, त्यावरून पुढं कुठलीही हालचाल थांबवण्याला तो शब्द लागला. जुना अर्थ अजून जिवंत आहे. बाटलीच्या बुचाला ‘स्टॉपर’ म्हणतात. फाउंड्रीत तळातून धातू ओतायच्या लॅडलचं, म्हणजे भांड्याचं, भोक बंद करणाऱ्या दांड्याला ‘स्टॉपर रॉड’ म्हणतात. साच्यातला नको असलेला भाग वाळूनं भरून टाकण्याला ‘स्टॉपिंग ऑफ’ म्हणतात. आणि मशीनवर नग जिथं टेकवून धरायचा त्या अडथळ्याला आमचे सगळे ऑपरेटर ‘स्टॉपर’ च म्हणतात. हे ऐकल्यावर मुलांचा चेहरा बदलतो, कारण आपण हा शब्द जन्मभर वापरतोय हे त्यांच्या लक्षात येतं.

वाक्य संपल्याची खूण म्हणून ‘फुल स्टॉप’ सगळ्यांना माहीत असतो. तारेत वाक्य संपलं की ‘स्टॉप’ असा शब्दच लिहायचे हे या मुलांना माहीत नाही. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्यामुळं तो दोष त्यांचा नाही.

नोंदवहीतलं ‘मशीन स्टॉप’

चौकशी करताना मी शॉपची नोंदवही उघडली. त्या रात्रीच्या पानावर दोन वेळा ‘मशीन स्टॉप’ लिहिलेलं होतं, शेजारी वेळ. मागची पानं उलटली तर जवळजवळ प्रत्येक पानावर तेच. मशीन आपोआप थांबलं का? कुणी थांबवलं का? बिघडून बंद पडलं का? काम नव्हतं म्हणून बंद ठेवलं का? यांतलं काहीही त्या दोन शब्दांतून कळत नाही. मराठीत थांबलं, थांबवलं, बंद पडलं, बंद ठेवलं असे चार शब्द आपोआप येतात, आणि त्यांत जबाबदारी कुणाची हेही येतं. मुलं इंग्रजीत लिहायला गेली की चौघांचं एकच ‘स्टॉप’ होतं. त्यामुळं त्या रात्री मशीन थांबवून मुलानं निदान इन्सर्ट पाहिला होता का, हे वहीवरून सांगता येईना. मुलगा म्हणत होता की एकदा पाहिला होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, वहीत पुरावा नव्हता.

माझ्या मते मेसेजपेक्षा हा दोष मोठा आहे. चुकीचा मेसेज एका रात्री येतो, अशी नोंदवही वर्षभर चालू असते.

आता वहीत मराठी शब्दच लिहायचे असं ठरलं आहे. ग्राहकाला रिपोर्ट जातो तेव्हा ऑफिसमधला माणूस त्याचं इंग्रजी करतो : थांबलं असेल तर ‘मशीन स्टॉप्ड’, थांबवलं असेल तर ‘ऑपरेटर स्टॉप्ड द मशीन’, बंद पडलं असेल तर ‘मशीन स्टॉप्ड वर्किंग’, बंद ठेवलं असेल तर ‘मशीन वॉज केप्ट आयडल’. लिहिताना भूतकाळात ‘पी’ दोनदा येतो हेही त्याला सांगावं लागलं, एक ‘पी’ घातलेले रिपोर्ट पुण्याला जात होते. सुपरवायझरला देवनागरी वाचता येते, शाळेत हिंदी झालेली आहे, त्यामुळं त्याची तक्रार नाही. कन्नड लिहिणाऱ्या मुलांनी कन्नडमध्ये लिहावं, असंही मी सुचवलं. ते मालकांनी लगेच मान्य केलं.

मशीनला आधीच कळत होतं

वर्गात समजावताना मला सर्वात उपयोगी पडली ती मशीनचीच भाषा. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या प्रोग्राममध्ये ‘एम ००’ आला की मशीन थांबतं आणि ऑपरेटरनं सायकल स्टार्टचं बटण दाबल्याशिवाय पुढं जात नाही. ‘एम ०१’ ही तसाच, पण पॅनेलवरचा ऑप्शनल स्टॉपचा स्विच चालू असेल तरच. ‘एम ०५’ नं फक्त स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा मुख्य दांडा, थांबतं. ‘एम ३०’ नं प्रोग्राम संपतो आणि पुन्हा सुरुवातीला येतो. याशिवाय पिवळ्या पाठीवरचं फुगीर लाल इमर्जन्सी बटण, ते दाबलं की सगळं बंद, आणि बटण फिरवून सोडवलं तरी मशीननं आपण होऊन सुरू व्हायचं नाही, असा सुरक्षेचा नियम आहे.

मी फळ्यावर लिहिलं : ‘स्टॉप टू चेक’ म्हणजे ‘एम ००’. थांब, बघ, पुढं चालू कर. ‘स्टॉप चेकिंग’ म्हणजे प्रोग्राममधून तपासणीची ओळच काढून टाकणं. ज्या मुलाचं हे प्रकरण, तो पहिल्या बाकावर होता. तो म्हणाला, “हे असं सांगितलं असतं तर चुकलोच नसतो की.” बरोबर आहे त्याचं.

मालकांनी नंतर प्रोग्राममध्येच सोय केली. दहा नगांची मोजणी झाली की ‘एम ०१’ नं मशीन थांबतं. सोय चांगली आहे, पण एवढ्यावर विसंबू नये असं मी त्यांना सांगितलं आहे. माल घाईचा असला की ऑप्शनल स्टॉपचा स्विच बंद करून ठेवायची सवय सगळीकडं आहे. स्विच बंद करायचा नाही हे सांगायला पुन्हा भाषाच लागते. मला विचाराल तर या कामाला ‘एम ००’ च घालावा. तो वगळायचा तर प्रोग्राम बदलावा लागतो, आणि त्याचा अधिकार ऑपरेटरकडं नसतो. मालकांना त्यात वेळ जाईल असं वाटतं. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

‘ओके सर’

मेसेजखाली आलेल्या त्या उत्तराबद्दलही बोललं पाहिजे. ‘ओके सर’ वरून सुपरवायझरला एवढंच कळलं की मेसेज पोचला. काय कळलं हे कळलं नाही. मुलाला शंका आली नव्हती, त्यामुळं त्यानं विचारण्याचा प्रश्नच नव्हता, पण शंका आली असती तरी त्यानं विचारलं असतं असं मला वाटत नाही. रात्री, ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत, ‘सर, याचा अर्थ काय’ असं विचारणं या वयाच्या मुलाला जड जातं. इंग्रजी येत नाही असा शिक्का बसेल ही भीती फार खोल आहे. विशेषतः मराठी शाळेतून आलेल्या मुलांत ती मी रोज पाहतो. हुशार मुलं तिच्यामुळं गप्प राहतात.

म्हणून आम्ही रीत बदलली. सूचना कुठल्याही भाषेत येवो, ऑपरेटरनं आपण काय करणार ते आपल्या भाषेत परत लिहायचं. ‘ओके’ चालणार नाही. त्या रात्री त्यानं ‘दहा नग झाले की बोअर बघायचं थांबवतो’ असं लिहिलं असतं, तर सुपरवायझरनं तिथल्या तिथं फोन केला असता. या रीतीत कुणाचं इंग्रजी तपासलं जात नाही, म्हणून मुलांनी ती सहज उचलली. सुरुवातीला सुपरवायझरला तो आपल्यावरचा अविश्वास वाटला. मग एका सकाळी त्याच्याच एका मेसेजचं भलतं उत्तर मराठीत आलं, आणि काम सुरू व्हायच्या आत चूक सापडली. तेव्हापासून तोच बाकीच्यांना आठवण करतो.

सुपरवायझरनं लिहायची पद्धतही बदलली. ‘टू’ काढून त्यानं ‘अँड’ घातला आणि ‘कधी’ हे पुढं आणलं : ‘आफ्टर एव्हरी १० नॉज, स्टॉप मशीन अँड चेक बोअर.’ यात मशीन हा शब्द आला, काय थांबवायचं ते उघड झालं. ‘अँड’ मुळं दोन कामं एकापाठोपाठ उभी राहिली. हे वाक्य चुकीच्या अर्थानं वाचायचा मी वर्गात मुलांकडून प्रयत्न करवून घेतला. कुणाला जमलं नाही.

राहिलेलं काम इन्सर्टच्या आयुष्याचं आहे. किती नगांनंतर तो बदलायचा याचा आकडा त्या शॉपमध्ये कुठंच लिहिलेला नव्हता, ते ऑपरेटरच्या नजरेवर सोडलेलं होतं. तो आकडा लिहिलेला असता तर मेसेज चुकीचा वाचूनही एवढे नग बिघडले नसते. मालकांशी बोलताना मी हे दोनदा मांडलं, कारण सगळा दोष त्या मुलाच्या इंग्रजीवर टाकून प्रकरण मिटवणं सोपं होतं. इन्सर्टचा तक्ता आता मशीनच्या दारावर लावायचा आहे, मराठी आणि कन्नड दोन्हींत. त्यातलं मराठी लिहायचं काम त्याच मुलानं मागून घेतलं आहे.